वर्तमानपत्रांच्या टेबलावरचा वाचक

१९९१ साली पदवीचा निकाल हाती आला आणि त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षे मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात रोज सकाळी जात होतो. मी त्या वाचनालयाचा सभासद नव्हतो. अनामत आणि महिन्याची वर्गणी भरण्याची तेव्हा ऐपत नव्हती. पण रस्त्याकडेच्या खोलीत एक लांब, उतरत्या फळ्यांचे टेबल होते. त्यावर वर्तमानपत्रे मांडलेली असत आणि तिथे बसायला पैसे पडत नसत. आठ वाजता दार उघडे. त्याआधीच सात-आठ तरुण पायरीवर बसलेले असत. आम्ही पहिले पान वाचतच नसू. बँकांच्या भरती मंडळाची जाहिरात, रेल्वेची जाहिरात, जिल्हा परिषदेची, वीज मंडळाची. अर्जाची शेवटची तारीख, पोस्टल ऑर्डर किती रुपयांची, साक्षांकित प्रती किती, हे सगळे वहीत उतरवून घ्यायचे आणि मग दुसऱ्याला पान द्यायचे.

एखादा ब्लेडने जाहिरात कापून नेई. मग ग्रंथपाल चिडत. ‘मजकूर कापू नये’ अशी पाटी होतीच. पुढे त्यांनी स्वतःच एक उपाय काढला. दुपारी कात्रण काढून ते दाराजवळच्या फळ्यावर टाचणीने लावू लागले. त्या फळ्याची आठवण मला पुढे संशोधनात फार उपयोगी पडली.

गेली वीसेक वर्षे मी हौसेने जुन्या ग्रंथालयांची दप्तरे चाळतो आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते कपाटांपुढे उभे राहून. वार्षिक अहवालांत ग्रंथसंख्या सापडते, वर्गणीदार सापडतात, देवघेवीचे आकडे, देणगीदारांची यादी, शारदोत्सवातल्या व्याख्यात्यांची नावे सापडतात. पायरीवर आठ वाजण्याची वाट पाहणारा वाचक मात्र सापडत नाही. फार तर ‘मोफत वाचन कक्षाचा लाभ अनेकांनी घेतला’ एवढे एक वाक्य. हा नोंद नसलेला वाचक कोण होता, आणि जाहिरात कागदावरून पडद्यावर गेली तेव्हा त्याचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

दोन खोल्या

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा रत्नागिरीच्या १८२८ सालच्या वाचनालयापासून सांगितली जाते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ची, कोल्हापूरचे आजचे करवीर नगर वाचन मंदिर १८५०चे. पुण्याच्या ग्रंथालयामागे लोकहितवादींचा पुढाकार होता. या संस्था बहुतांशी वर्गणीवर चालत. इंग्रज अधिकारी, संस्थानिक, सरदार, वकील, शिक्षक हे त्यांचे आश्रयदाते. सभासदाला पुस्तक घरी नेता येई. ज्याला वर्गणी परवडत नाही त्याने तिथेच बसून वर्तमानपत्र वाचावे, अशी सोय हळूहळू रूढ झाली. देवघेवीची खोली आणि वाचनाची खोली अशा दोन खोल्या झाल्या, आणि दोन प्रकारचे वाचकही झाले. दप्तर ठेवले गेले ते पहिल्या खोलीचे.

याहून वेगळी वाट मराठी राजाच्याच राज्यात निघाली होती. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदा संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले. शिकलेला माणूस वाचायला काही नसेल तर पुन्हा निरक्षर होतो, हे ओळखून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तके फिरू लागली. गावच्या ग्रंथालयासाठी एक तृतीयांश रक्कम लोकांनी जमवावी, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यावी आणि तितकीच सरकारने द्यावी, असे सूत्र होते. ग्रंथालय ही शिक्षणाइतकीच सरकारची जबाबदारी आहे, हा विचार त्यामागे होता.

मुंबई इलाख्यात फैजी समितीने १९४० साली ग्रंथालयांच्या विकासाची योजना मांडली. राज्याचा कायदा मात्र १९६७ साली झाला. मद्रास राज्याच्या १९४८च्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद होती. महाराष्ट्राने तो कर घेतला नाही. स्थानिक संस्थांनी ग्रंथालये चालवावीत आणि सरकारने वर्गवारीनुसार अनुदान द्यावे, अशी रचना केली. १९७०च्या नियमांनी अ, ब, क, ड हे वर्ग ठरवले. ग्रंथ किती, वर्गणीदार किती, वर्तमानपत्रे-नियतकालिके किती, दार किती तास उघडे, यावर वर्ग आणि वर्गावर अनुदान. या रचनेने बारा हजारांच्या आसपास ग्रंथालये खेड्यापाड्यांत उभी राहिली, हे तिचे मोठे श्रेय. पण तपासणीला येणारा अधिकारी जे मोजतो, तेच संस्था जपते. वर्तमानपत्रे किती येतात हे मोजले गेले. ती वाचून कुणाचे काय झाले, हे विचारायला रकाना नव्हता.

नोकरी शोधणारा

नोकरी शोधणे ही वाचनाची एक जुनी आणि निकडीची गरज आहे. इंग्लंडमध्ये १८५०च्या कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या ग्रंथालयांच्या वृत्तपत्र-दालनांत बेकारांची गर्दी असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या अनेक ग्रंथालयांनी जुगार वाढू नये म्हणून शर्यतींच्या बातम्या काळ्या करून टाकल्या. नोकरीच्या जाहिरातींची पाने मात्र काही ठिकाणी सकाळी लवकर दाराबाहेर लावली जात. आमच्या ग्रंथपालांना हे ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. गरज पाहून त्यांना तेच सुचले.

आपल्याकडे रोजगार विनिमय केंद्रे १९४५ साली सुरू झाली ती युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी. १९५९च्या कायद्याने रिक्त जागा या केंद्रांना कळवणे बंधनकारक झाले. पण कळवणे बंधनकारक होते, तिथूनच माणूस घेणे नव्हे. कार्ड काढून ‘कॉल’ची वाट पाहण्यात वर्षे जात. म्हणून वर्तमानपत्राचे पान महत्त्वाचे ठरले. १९७६ साली केंद्र सरकारचे ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’ हे साप्ताहिक निघाले. हिंदी-उर्दूत ते ‘रोजगार समाचार’ म्हणून येऊ लागले. विकत घेण्यापेक्षा ते वाचनालयात पाहणारेच आमच्यात अधिक होते. एक अंक पंधरा हातांतून जाई आणि आठवडा संपण्याआधी त्याची घडी फाटे.

पुढे या टेबलाशेजारी अभ्यासिका आल्या. पुण्या-मुंबईत आणि मग तालुक्यांतही स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली दिवसदिवस बसू लागली. वाडीवस्तीवरून आलेल्या मुलीला घरात मिळत नाही ती शांतता, दिवा आणि पंखा तिथे मिळू लागला. ही मुले पुस्तके बहुधा स्वतःची आणतात. ग्रंथालयाकडून त्यांना खुर्ची हवी असते. काही कार्यवाहांना हे खटकते. ‘हे वाचक नव्हेत, हे जागा अडवणारे’ असे मी अनेक बैठकांत ऐकले आहे. मला ते पटत नाही. पायरीवर बसणाऱ्या आमच्याबद्दलही कुणीतरी हेच म्हणत असणार.

टेबलावरून जाहिरात उठली

गेल्या दीड दशकात सरकारी भरतीचा सगळा व्यवहार संगणकावर गेला. वर्तमानपत्रात आता चार ओळींची त्रोटक सूचना येते. सविस्तर जाहिरात संकेतस्थळावर. अर्ज तिथेच, शुल्क तिथेच, प्रवेशपत्र तिथेच, निकालही तिथेच. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, ते सगळे ऑनलाइन. खुल्या गटासाठी शुल्क एक हजार रुपये होते. त्यावर अर्ज भरून देणाऱ्या दुकानाचे पैसे वेगळे.

म्हणजे वाचनालयाच्या टेबलावर फुकट होणारे काम दुकानात विकत मिळू लागले. आमच्याच गावातल्या एका मुलाचा अर्ज मी पाहिला आहे. दुकानात रांग होती, भरणाऱ्याला घाई होती. आरक्षणाच्या प्रवर्गाचा रकाना चुकला. मुलाने छापील प्रत घडी करून खिशात ठेवली, वाचली नाही. कागदपत्रांच्या पडताळणीत त्याचे नाव गळले तेव्हा चूक कळली. वयाची अट ओलांडायला त्याला एकच वर्ष उरले होते. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते असे नाही. तो पदवीधर होता. शेजारी बसून ‘एकदा सगळे रकाने वाच, मग बटण दाब’ एवढे सांगणारे कुणी नव्हते.

त्या काळात ग्रंथालयांत संगणक आले नव्हते का? आले. राष्ट्रीय ज्ञान आयोगाने २००७ साली ग्रंथालयांवर अहवाल दिला, २०१४ साली राष्ट्रीय ग्रंथालय अभियान सुरू झाले, राजा राममोहन राय प्रतिष्ठानच्या मदतीतूनही संगणक मिळाले. पण मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी तो संगणक कार्यालयात, ग्रंथपालाच्या खुर्चीमागे असतो. त्यावर दाखलनोंदी होतात, अनुदानाचे तक्ते भरले जातात. धूळ बसू नये म्हणून त्याला कापड शिवलेले असते. वाचकाने त्यावर बसायचे असते, ही कल्पनाच फारशी रुजलेली नाही.

अमेरिकेत उलट घडले. १९९६च्या दूरसंचार कायद्याने शाळा आणि ग्रंथालयांना इंटरनेटच्या खर्चात सवलत मिळाली. मंदीच्या काळात, २०१० साली, वॉशिंग्टन विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की वर्षभरात सुमारे ७ कोटी ७० लाख लोकांनी ग्रंथालयातले संगणक किंवा वायफाय वापरले आणि त्यांतल्या ४० टक्के लोकांनी ते नोकरी-व्यवसायासाठी वापरले. तिथला ग्रंथपाल फार निराळा होता असे नाही. वाचक संगणकावर काय करतो, हे तिथे मोजले गेले. आकडा हाती असल्यामुळे पैसे मागता आले.

पडद्यावरचे वाचन

डिजिटल वाचनाचीही गोष्ट अशीच आहे. मराठीत फुकट आणि अधिकृत असे पुष्कळ उपलब्ध आहे. मराठी विश्वकोशाच्या नोंदी, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके, जिल्हा दर्शनिका, बालभारतीची पाठ्यपुस्तके. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला खुले झाले. राज्यसेवेच्या परीक्षेसाठी इतिहास-भूगोल वाचणाऱ्याला यातले अर्धे साहित्य थेट कामाचे आहे. पण अभ्यासिकेत बसलेल्या मुलांना मी विचारतो तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये शिकवणीवाल्यांच्या पीडीएफ असतात. त्या कुणी लिहिल्या आणि त्यांत चुका किती, हे त्यांना माहीत नसते. विश्वकोशाची नोंद कुठे मिळते हे सांगणे, हे ग्रंथपालाचेच काम आहे. कार्डाच्या खणातून पुस्तक काढून देण्याचाच तो पुढचा भाग.

टाळेबंदीत ग्रंथालये बंद झाली ती राज्यात १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडू लागली. त्या महिन्यांत अनेक संस्थांना प्रथमच वाटले की आपल्याजवळ पडद्यावरून देण्याजोगे काही हवे होते. दारे उघडल्यावर सर्वात आधी आत आली ती अभ्यासिकेतली मुले. पुस्तके बदलणारे सभासद हळूहळू, बिचकत आले.

मागणी फार मोठी नाही. अनुदानाच्या निकषांत मोफत वाचन कक्षातल्या वाचकाची मोजणी यावी. दोन संगणक आणि एक प्रिंटर कार्यालयातून वाचन कक्षात आणावेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ज भरताना कुणीतरी शेजारी बसावे. यासाठी कर्मचाऱ्याला जगण्यापुरते वेतन लागेल. आजच्या अनुदानात ते मिळत नाही, हे मान्य केल्याशिवाय बाकीचे बोलण्यात अर्थ नाही.

गेल्या पावसाळ्यात मी त्या जुन्या वाचनालयात पुन्हा गेलो. टेबल तेच आहे. तीन-चार निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्रे वाचत होते. दाराजवळचा फळा आता रिकामा असतो. मी ग्रंथपालबाईंना त्याची गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्यांनी भरतीच्या सहा जाहिराती स्वतःच्या मोबाइलवरून उतरवून, शेवटच्या तारखा लाल शाईने लिहून फळ्यावर लावल्या होत्या. दाराशी एक शंभरपानी वहीही ठेवली होती: नाव, गाव, काय शोधायला आलात. पहिल्या दिवशी तिच्यात एकोणीस नोंदी झाल्या, आणि त्यांतला एकही सभासद नव्हता.