एका मुदतवाढीची कुळकथा

मोठ्या कचेरीतील संगणकावर फायरफॉक्स या ब्राउझरच्या नावापुढे ‘ईएसआर’ ही तीन अक्षरे पुष्कळदा आढळतात. ‘एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज’, म्हणजे वाढीव मुदतीची आवृत्ती, हा त्यांचा अर्थ. आणि त्यांचे मूळ शोधू गेले असता ते, काहीसे विपरीत वाटेल, परंतु एका घाईत सापडते.

पूर्वी फायरफॉक्सची एखादी आवृत्ती वर्षभर सुखाने नांदत असे. मार्च 2011 मध्ये चौथी आवृत्ती आली, आणि त्यानंतर, क्रोम हा प्रतिस्पर्धी ब्राउझर दर सहा आठवड्यांनी कात टाकतो हे पाहून, फायरफॉक्स बनविणाऱ्या मोझिलानेही तोच शिरस्ता पत्करला. 21 जूनला पाचवी आवृत्ती अवतरताच अवघ्या तीन महिन्यांची चौथी निराधार झाली, कारण सुरक्षेतील छिद्रे बुजवून हवी असतील त्याने पाचवीच घ्यावी, असा नवा दंडक होता. घरगुती वापर करणाऱ्याला त्याची तोशीस नव्हती. पण जिथे हिशेबापासून हजेरीपर्यंतचा सारा कारभार ब्राउझरमधूनच चालतो, तिथे प्रत्येक अंतर्गत प्रणाली नव्या आवृत्तीवर पारखून घेता घेताच ती आवृत्ती बाद होऊ लागली. आयबीएममध्ये तर पाच लाख वापरकर्त्यांचा प्रश्न होता.

तक्रारींचा बोभाटा झाला, वाटाघाटी झाल्या, आणि जानेवारी 2012 मध्ये जणू तहनामाच जाहीर झाला. त्या महिन्याच्या 31 तारखेची दहावी आवृत्ती या कुळाचा मूळपुरुष ठरली. तिला 54 आठवड्यांचे अभय मिळाले: या मुदतीत सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या येतील, नवी वैशिष्ट्ये येणार नाहीत. शिवाय वारस आवृत्ती आल्यावरही जुनी 12 आठवडे पदावर राहील, हे कलम मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. कारण सूत्रे देणारा आणि घेणारा काही काळ एकाच दफ्तरात बसल्याखेरीज कारभार नीट सोपविता येत नाही, हे अनुभवी कारकुनाला ठाऊकच असते.

पुढे वंश विस्तारला. टॉर ब्राउझर याच शाखेवर उभा राहिला. 52 व्या आवृत्तीने विंडोज एक्सपीच्या वृद्ध यंत्रांना 2018 पर्यंत आधार दिला. आणि ज्या क्रोमच्या वेगातून हा तंटा उद्भवला, त्याने सप्टेंबर 2021 मध्ये आपला फेरा चार आठवड्यांवर आणला, तेव्हा संस्थांसाठी आठ आठवड्यांची निराळी शाखा स्वतःहून तोडून दिली.