तुरटीच्या पाण्यातले कापड

सुती कापड पेटते असे आपण म्हणतो, पण पेटतात त्या त्याच्यातून निघणाऱ्या वाफा. सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या आसपास कापसातला सेल्युलोज फुटू लागतो, डांबरट वाफा बाहेर पडतात आणि ज्वाळा त्यांची होते. कागदाचेही तेच, कारण तोही सेल्युलोजच. कापड आणि कागद आगीपासून वाचवण्यासाठी माणसाने आजवर जे जे फासले, शिंपडले, भिजवले, त्याचा हेतू या वाफा आवरण्याचाच होता. काही क्षार वितळून धाग्यावर काचेसारखा थर धरतात. काही न जळणारे वायू सोडून ज्वाळेला पातळ करतात. काही सेल्युलोजमधले पाणी काढून घेऊन त्याचा जागच्या जागी कोळसा करतात. त्यामुळे असे कापडही करपते, काळे पडते, त्याला भोक पडते. फक्त पेट पुढे सरकत नाही. पळायला चार मिनिटे जास्त मिळतात. मात्र ही मिनिटे फुकट कधीच मिळाली नाहीत.

या घराण्याचा मूळपुरुष तुरटी. इसवी सनापूर्वी 87-86 मध्ये रोमन सेनापती सुल्लाने अथेन्सच्या पिरियस बंदराला वेढा घातला, तेव्हा बचाव करणाऱ्या आर्केलाउसने आपल्या लाकडी बुरुजाला तुरटी फासली होती आणि तो काही केल्या पेटेना, असे ऑलस गेलियस या रोमन लेखकाने एका जुन्या इतिहासकाराच्या हवाल्याने नोंदवून ठेवले आहे. पुढे शतकानुशतके या विद्येची फारशी खबर लागत नाही. लाकडावरून ती कापडावर आली ती नाटकवाल्यांच्या गरजेपोटी. रंगवलेले पडदे, त्यांच्यामागे मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे, वर लाकडी छत. आगीला आणखी काय हवे? इटलीतला रंगमंचशिल्पी निकोला सब्बातिनी याने 1638 मध्ये नेपथ्याच्या रंगात चिकणमाती आणि जिप्सम मिसळण्याचा सल्ला दिला. जाडाभरडा उपाय, पण दिशा बरोबर होती.

कापड आणि कागद यांच्यासाठीचा पहिला परवाना मिळाला तो इंग्लंडमध्ये, 1735 साली. ओबाडाया वाइल्ड याच्या 551 क्रमांकाच्या पेटंटात तुरटी, टाकणखार आणि हिराकस अशी तीन द्रव्ये आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात तिन्ही पुड्या एका फेरीत मिळाव्यात! त्यातला टाकणखार तर त्या काळी युरोपला आपल्याच वाटेने जात असे. तिबेटच्या सरोवरांकाठी गोळा केलेला हा खार मेंढ्यांच्या पाठीवरून हिमालय उतरून भारतात येई आणि इथून जहाजाने पुढे रवाना होई. पेटंट इंग्रजाचे, माल आशियाचा. त्या शतकात हे नवलाचे नव्हते.

तुरटीने आकाशही पाहिले. 1783 मध्ये माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेचे फुगे उडवले ते कापड आणि कागद यांचेच, आणि खाली पेटती शेगडी. पॅरिसमध्ये त्यांना साथ देणारा रेव्हेयाँ हा भिंतींवर लावायच्या कागदाचा कारखानदार होता. फुग्याच्या कापडाला आग लागू नये म्हणून तुरटीचा लेप दिला होता. तरी त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला पहिली दोन माणसे वर गेली, तेव्हा ठिणग्यांनी कापडाला भोके पडू लागली आणि त्यांना ओल्या स्पंजाने ती विझवावी लागली. लेप होता, पण भिस्त शेवटी पाण्यावरच राहिली.

या साऱ्या खटपटीला शास्त्राची शिस्त लावली फ्रेंच रसायनज्ञ गे-ल्युसॅकने. फ्रान्सचा राजा अठरावा लुई याला नाटकगृहांच्या आगींची काळजी होती. त्याच्या सांगण्यावरून गे-ल्युसॅकने तागाच्या आणि इतर कापडांवर क्षारांचे प्रयोग केले आणि 1821 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: जे क्षार कमी तापमानाला वितळून काचेसारखे पसरतात ते उपयोगी, आणि जे फुटून न जळणारा वायू देतात तेही उपयोगी. अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांची मिश्रणे त्याने सुचवली. त्यानंतर दोनशे वर्षे झाली, तरी या यादीतली नावे बाद झालेली नाहीत.

मग अडचण कुठे होती? कापड अंगावर घालायचे होते, तिथे.

एमा लिव्री ही पॅरिस ऑपेराची तरुण नर्तिका. त्या काळच्या बॅलेचा घागरा म्हणजे मलमलीच्या थरांवर थर, हवेत तरंगणारे, आणि रंगमंचाच्या कडेला गॅसचे उघडे दिवे. नर्तिका जळून मरण्याचे प्रकार नवे नव्हते. लंडनच्या ड्रूरी लेन नाटकगृहात क्लारा वेब्स्टर 1844 मध्ये अशीच गेली होती. म्हणून 1859 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्ये हुकूम निघाला की नेपथ्य आणि पोशाख कार्तेरोन नावाच्या गृहस्थाच्या पद्धतीने क्षारात भिजवून घ्यावेत. भिजवलेली मलमल ताठ होई, तिचा शुभ्रपणा जाऊन ती मळकट दिसे. लिव्रीने नकार दिला. आपण नेहमीच्याच घागऱ्यात नाचणार आणि त्याची जबाबदारी आपली, असे तिने लेखी कळवले. 15 नोव्हेंबर 1862 रोजी तालमीत तिचा घागरा दिव्यावर गेला. आठ महिने यातना सोसून 26 जुलै 1863 रोजी ती गेली. वय अवघे वीस.

तिला हट्टी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण जिची सारी कमाई हलकेपणावर उभी, तिच्या हाती कुणी पिठूळ, कडक कापड दिले तर ती काय करील? रसायनज्ञाने आगीचा प्रश्न सोडवला होता, नर्तिकेचा नव्हता. माझ्या मते या मागोव्यातली सगळ्यांत शिकवणारी गोष्ट हीच आहे, कारण पुढे दरवेळी घोडे इथेच अडले.

त्याच 1859 साली लंडनमध्ये व्हर्समन आणि ओपेनहाइम या रसायनज्ञांनी चाळीसएक क्षार मलमलीवर तपासले, ते घरच्या धुण्याइस्त्रीचा विचार करून. अमोनियमचे क्षार गरम इस्त्रीखाली बिघडत, सोडियम टंग्स्टेट टिकत असे. तरी धुतल्यावर सगळे वाहून जाई आणि कांजी द्यावी तसे दर धुण्याला पुन्हा द्यावे लागे.

धुण्यात टिकणारे काहीतरी हवे, ही गरज गरिबांच्या मुलांनी पुढे आणली. फ्लॅनेलेट म्हणजे सुती कापड खरवडून लोकरीसारखे मऊ केलेले. स्वस्त, ऊबदार आणि भडका घेणारे. इंग्लंडमध्ये शेगडीजवळ खेळणारी मुले या कपड्यांत भाजून मरत. जांभळ्या रंगाच्या शोधामुळे प्रसिद्ध झालेल्या पर्किनच्या मुलाने, त्याचेही नाव विल्यम हेन्रीच, हा प्रश्न हाती घेतला. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत: कापडाचा स्पर्श बिघडू नये, रंग उतरू नये, विष नसावे, पुन्हापुन्हा धुऊनही गुण टिकावा आणि किंमत परवडावी. सोडियम स्टॅनेट आणि मग अमोनियम सल्फेट अशा दोन द्रावणांतून काढून त्याने धाग्यातच कथिलाचे ऑक्साइड बसवले. ‘नॉन-फ्लॅम’ नावाने ते कापड मँचेस्टरहून विकले गेले. शेवटच्या अटीत मात्र ते नापास झाले. कथिल महाग, आणि ज्यांच्या मुलांना त्याची गरज होती ते स्वस्त म्हणूनच तर फ्लॅनेलेट घेत होते. 1913 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला तोही एवढाच, की न पेटणारे म्हणून विकाल तर ते तसे असले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात तंबूंच्या कॅनव्हासला क्लोरिनयुक्त पॅराफिन आणि अँटिमनी ऑक्साइड दिले गेले. 1950 च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या प्रयोगशाळेत फॉस्फरसची अशी संयुगे हाती लागली जी सुती धाग्याच्या आत शिरून तिथेच घट्ट होतात. भट्टीवर काम करणाऱ्यांच्या सुती डगल्यांचा न पेटण्याचा गुण त्यामुळे धुण्यात टिकू लागला. प्रोबान हे त्यातले नाव आजही चालते.

एव्हाना मुलांचे कपडे पॉलिएस्टरचे झाले होते. अमेरिकेने 1970 च्या दशकाच्या आरंभी मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी ज्वलनाची कडक कसोटी लावली. ती पार करायचा सोपा मार्ग म्हणजे ट्रिस, ब्रोमीन आणि फॉस्फरस असलेले एक तेलकट रसायन. जानेवारी 1977 मध्ये अर्लिन ब्लम आणि ब्रूस एम्स या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की ट्रिस जनुकांत बदल घडवते आणि ते कर्करोगकारक असू शकते. कपड्याच्या वजनात त्याचे प्रमाण सुमारे 5 टक्क्यांपर्यंत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंदी आली. पुढच्या वर्षी ब्लम आणि सहकाऱ्यांनी दाखवले की असे कपडे घालून झोपलेल्या मुलांच्या लघवीत ट्रिसपासून बनलेले द्रव्य उतरते. उरलेला माल परदेशी खपवण्याचे उद्योग झाले, तेव्हा 1978 मध्ये निर्यातही बंद करावी लागली. आणि ट्रिसच्या जागी आलेला त्याचा क्लोरीनवाला भाऊ? तोही जनुकांना बाधक निघाला, मुलांच्या कपड्यांतून हटला आणि सोफ्यांच्या फोममध्ये जाऊन बसला.

एकेका रसायनावर बंदी आणायची आणि त्याच कुळातले दुसरे आत घ्यायचे, हा खेळ पुढेही चालला. काही ब्रोमीनयुक्त रसायने स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय कराराने 2009 मध्ये आणि पडद्यांच्या पाठीला लावले जाणारे एचबीसीडी 2013 मध्ये निषिद्ध यादीत टाकले. भारताने 2018 च्या नियमांनी त्यांतल्या अनेकांना मज्जाव केला. पर्किनची ‘विष नसावे’ ही अट तेव्हा शंभरी ओलांडून गेली होती.

आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः मांडवाचा. हरियाणात डबवाली इथे 23 डिसेंबर 1995 रोजी शाळेच्या समारंभात कृत्रिम धाग्याच्या मांडवाला आग लागली आणि 400 हून अधिक माणसे गेली, बहुतेक मुले. मांडवांसाठी भारतीय मानक आहे, आयएस 8758. त्यात कापड भिजवण्याचे द्रावण दिले आहे: अमोनियम सल्फेट 4 भाग, अमोनियम कार्बोनेट 2, टाकणखार 1, बोरिक आम्ल 1, तुरटी 2 आणि पाणी 35 भाग. वाइल्ड आणि गे-ल्युसॅक दोघेही यात ओळखू येतात. स्वस्त आणि सुती कापडाला पुरेसे, पण पाण्यात विरघळणारे. आपला गणेशोत्सव भर पावसाळ्यात, आणि भिजलेल्या झालरीतून हे क्षार निथळून जातात. शिवाय आता मांडवात चमकते ते बहुतेक पॉलिएस्टर. ते हे पाणी धड पीतच नाही आणि आगीत वितळून त्याचे थेंब खाली पडतात. थर्माकोलवर 2018 मध्ये महाराष्ट्रात बंदी आल्यापासून मखरे पुठ्ठ्याकागदाची होऊ लागली, हे चांगलेच झाले. पण पुठ्ठा म्हणजे पुन्हा सेल्युलोज, आणि शेजारी समई.

तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ठेकेदाराच्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. प्रत्यक्ष लागणाऱ्या कापडाची बोटभर पट्टी कापावी, मोकळ्या जागी पाण्याची बादली जवळ ठेवून चिमट्यात धरावी आणि खालून काडी लावावी. काडी काढताच पट्टी विझली पाहिजे. पेटत राहिली किंवा जळते थेंब गाळू लागली तर ते कापड परत पाठवावे, आणि जोरदार पाऊस होऊन गेला की हीच तपासणी पुन्हा करावी.