मुलूख छत्रपतींचा, जावई पेशव्यांचा

हुपरीत बसून पीएचडी करतोय म्हटलं की लोक आधी चांदीबद्दलच विचारतात. माझा विषय मात्र पंचगंगेपलीकडचा, इचलकरंजीची घोरपडे जहागीर. पहिल्या आराखड्यात मी बिनधास्त लिहिलं होतं, 'इचलकरंजीकर हे कोल्हापूरचे मांडलिक.' गाईडनी समासात एकच शब्द लिहिला: 'कधीपासून?' त्या एका शब्दापायी अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

बघा ना. नारो महादेव जोशी मूळचे कोकणातल्या म्हापणचे. संताजी घोरपड्यांच्या पदरी ते मोठे झाले आणि धन्याचं आडनावच लावू लागले. त्यांचा मुलगा व्यंकटराव. त्याची बायको अनुबाई, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी. आता १७३१ चा वारणेचा तह घ्या. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात वारणा नदी हद्द ठरली. नकाशा उघडून स्वतः पाहा: इचलकरंजी वारणेच्या दक्षिणेला, म्हणजे संभाजी महाराजांच्या वाट्यात. आणि जहागीरदार कोण, तर साताऱ्याच्या पेशव्यांचा, बाजीरावांचा मेहुणा! १७३९ मध्ये वसईचा वेढा चालू असताना हेच व्यंकटराव गोव्यात पोर्तुगीजांवर चालून गेले, ते पेशव्यांच्या बाजूने.

१७४५ मध्ये व्यंकटराव वारले, पण धागा तुटला नाही. अनुबाई १७८३ पर्यंत होत्या आणि कारभारावर त्यांची पकड होती. नानासाहेब पेशव्यांच्या त्या आत्या. हद्द तहाने ठरते हो, पण आत्याबाईंचं पत्र पुण्याला जायचं थांबत नाही.

मग मी चुकलो कुठे? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याचं टोकच उरलं नाही. नंतरच्या इंग्रजी कागदांत इचलकरंजी कोल्हापूरखालची जहागीर म्हणून येते. ती ओळख उचलून मी सरळ शंभर वर्षं मागे चिकटवली होती. वासुदेवशास्त्री खऱ्यांचा इचलकरंजी संस्थानचा इतिहास जरूर वाचा, पण 'संस्थान' हा शब्द कुठल्या काळाच्या तोंडचा आहे, हे मनाशी धरून वाचा.

सध्या मी प्रत्येक पत्रासाठी तीन रकाने करतो: जमीन कुणाच्या हद्दीत, फौज कुणाच्या हुकमाने, सोयरीक कुणाशी. आराखडा सादर करण्याआधी तुमच्या जहागीरदारासाठी हे एकदा करून बघाच. माझ्याकडे तिन्ही रकान्यांत एकच नाव असं अजून फार थोड्या पत्रांत दिसलंय.