तिचा शांतपणा

नरकचतुर्दशीच्या पहाटे मला तेल लावता लावता नातीचे बोट दंडावर थबकले. "आजोबा, हे काय हो?" दोन वाटोळे वण. आमच्या पिढीच्या दंडांवर ते असायचेच. आमच्या 'देवी काढल्या' होत्या. दोघांनी मला घट्ट धरले होते आणि मी सारी आळी गोळा होईल असा टाहो फोडला होता, असे आई सांगे.

तेल तसेच जिरत राहिले आणि मी तिला अ‍ॅना डस्टहॉलची गोष्ट सांगितली.

१८०२ साल. देवीवरची लस युरोपात निघाली होती, पण मुंबईला पोहोचेपर्यंत वाटेतच निकामी होई. बर्फाच्या पेट्या नव्हत्या. लस जिवंत ठेवण्याचा एकच खात्रीचा उपाय होता, तो म्हणजे माणसाचा दंड. एकाला टोचायचे, फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याला. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करीत ती अखेर मुंबईला आली. कितीकांना टोचून पाहिले. कोणाला लागू पडेना. १४ जूनला तीन वर्षांच्या अ‍ॅनाला टोचली, आणि तिच्या दंडावर मात्र फोड चांगला धरला. तिच्यापासून आणखी पाच मुलांना, त्यांच्यापासून पुण्याला, सुरतेला, मद्रासला. म्हणजे या देशातल्या लसीची वंशावळ त्या चिमुरड्या दंडापाशी जाऊन पोहोचते.

"ती रडली नाही?" नातीने विचारले.

नाही. त्या वेळच्या नोंदींत तिच्या शांतपणाचे कौतुकच आहे; लस साधली याचे श्रेयही त्याला दिले आहे. मी पूर्वी हे वाचून सुखावलो होतो. आता ते वाक्य मला टोचते. ती नोकराची पोर. तिने आरडाओरडा केला असता, तर थांबणार कोण होते?

डॉक्टरांना मी बोल लावीत नाही. देवीची साथ आली की घरेच्या घरे ओस पडत. पण निवड कोणाची होई, ते पाहा. १७९६ साली जेन्नरने पहिली लस टोचली ती आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला. तो एका माळ्याचा मुलगा. पुढे त्याच्या अंगात खऱ्या देवीचा द्रव घालून परीक्षाही घेतली. १८०३ साली स्पेनहून लस अमेरिकेला न्यायची, तर अनाथाश्रमातली बावीस मुले जहाजावर चढवली. समुद्रभर दोघांदोघांच्या दंडावर ती जिवंत ठेवली. गादीवारसांची मुले या यादीत शोधू नयेत.

हे जुने झाले म्हणावे, तर २००९-१० साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोद्याकडे दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा एक प्रकल्प चालला. काही मुली दगावल्या. त्यांचा लसीशी संबंध असल्याचे चौकशीत आढळले नाही. आढळले ते वेगळेच. आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनांच्या सह्या होत्या. आईबाप दूर पाड्यांवर, सही वॉर्डनची, दंड पोरीचा! २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

लहानांना प्रयोगातून वगळावे, असेही म्हणता येत नाही. मोठ्यांवर पारखलेली मात्रा बाळाला जशीच्या तशी लागू पडत नाही. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकांची संमती तर आहेच, शिवाय मुलाचा होकारही आहे: सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, बारा ते अठरा लेखी.

नात म्हणाली, "मग मला विचारतील?"

"सात पुरी झाल्यावर," मी म्हटले.

तिने बोटे मोजली. अजून चार महिने आहेत. मग तिने तेलाची वाटी उचलली आणि दुसरा हात पुढे करायला सांगितले.