सार्वजनिक ग्रंथालयांतील विनामूल्य इंटरनेट व अर्थसाहाय्याचा प्रश्न : अमेरिकेतील 'ई-रेट' योजनेचा ऐतिहासिक मागोवा

सार्वजनिक ग्रंथालयात वाचकास इंटरनेट विनामूल्य मिळते, तेव्हा त्याचे देयक कोणीतरी भरलेले असतेच. ते कोणी भरावे आणि भरणाऱ्याने कोणत्या अटी घालाव्यात, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने अमेरिकेतील 'ई-रेट' योजनेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अँड्र्यू कार्नेगी यांनी ग्रंथालयांच्या इमारतींसाठी देणग्या देताना एक अट घातली होती : देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम गावाने दरवर्षी ग्रंथालय चालविण्यासाठी खर्च करावी. दान एकदा मिळते, खर्च मात्र कायमचा असतो, हे त्यांनी ओळखले होते. १९९७ पासून बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाने गरीब वस्त्यांतील ग्रंथालयांना संगणक पुरविले, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. संगणक एकदाच येतो. जोडणीचे देयक दरमहा येते.

या देयकाची तरतूद १९९६ च्या दूरसंचार कायद्यातील कलम २५४ मध्ये आहे. त्यानुसार शाळा व ग्रंथालयांना सेवाशुल्कात २० ते ९० टक्के सवलत देण्यात आली आणि वार्षिक मर्यादा २२५ कोटी डॉलर ठरली. हा पैसा सरकारी तिजोरीतून येत नाही. दूरसंचार कंपन्या सार्वत्रिक सेवा निधीत अंशदान देतात व ते ग्राहकांच्या देयकातून वसूल करतात. विरोधकांनी तत्कालीन उपराष्ट्राध्यक्षांच्या नावावरून त्यास 'गोर कर' म्हटले, ते अगदीच निराधार नव्हते. (मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविला, महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात मात्र असा उपकर नाही.) ग्रंथालयाची सवलत त्या भागातील शाळांमधील किती विद्यार्थी सवलतीच्या भोजनास पात्र आहेत, यावरून ठरते. ग्रंथालयाच्या गरजेचे मोजमाप शाळेच्या जेवणावरून व्हावे, ही गोष्ट विलक्षण वाटते. परंतु गरिबीचा तयार व विश्वसनीय आकडा तोच होता.

खरा संघर्ष अटींवरून झाला. डिसेंबर २००० मध्ये संमत झालेल्या बाल इंटरनेट संरक्षण कायद्याने इंटरनेट जोडणीसाठी सवलत घेणाऱ्या ग्रंथालयांना प्रत्येक संगणकावर अश्लील चित्रे रोखणारी गाळणी बसविणे बंधनकारक केले. अमेरिकन ग्रंथालय संघाने यास आव्हान दिले. २३ जून २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी कायदा वैध ठरविला. प्रौढ वाचकाने मागणी केल्यास गाळणी काढता येते, यावर निकालात भर होता. तथापि अशी मागणी ग्रंथपालासमोर उभे राहून करणे किती वाचकांना जमेल, हा प्रश्न उरतोच. काही ग्रंथालयांनी सवलतच नाकारली. अर्थात, ज्यांना ९० टक्के सवलतीची गरज होती, त्यांना हे स्वातंत्र्य परवडणारे नव्हते.

२०१४ मध्ये वार्षिक मर्यादा ३९० कोटी डॉलर करण्यात आली. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निधीची वसुली घटनात्मक ठरविली. मात्र वाचकांना घरी नेण्यासाठी हॉटस्पॉट देण्यास २०२४ मध्ये मिळालेले साहाय्य संघीय दळणवळण आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये काढून घेतले.