मोटारीचे मागील शॉक अॅब्जॉर्बर : बदल आणि चाचणी

म्हैसूर शहरातील मोटारींना दोन अगदी भिन्न प्रकारच्या रस्त्यांवरून धावावे लागते. बंगळुरूकडे जाणाऱ्या ११८ किलोमीटर लांबीच्या द्रुतगती मार्गाचे लोकार्पण १२ मार्च २०२३ रोजी झाले. तेथे वेगात गाडी स्थिर राहणे महत्त्वाचे असते. दक्षिणेकडे गुंडलुपेटहून उटीला जाणाऱ्या रस्त्यावर मात्र बंदीपूरच्या जंगलात वन्य प्राण्यांच्या सुरक्षेसाठी ठिकठिकाणी गतिरोधक असून, तेथे गाडीला वारंवार हादरे सोसावे लागतात. दोन्ही ठिकाणी शॉक अॅब्जॉर्बरची कसोटी लागते.

कार्य

गाडीचा भार स्प्रिंग पेलते. शॉक अॅब्जॉर्बर स्प्रिंगची आंदोलने थोपवतो. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या वरखाली होताना तेल झडपांच्या बारीक छिद्रांतून जाते आणि हालचालीतील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. त्यामुळे टायर रस्त्याला टेकून राहतो. टायर उसळत राहिल्यास ब्रेकची पकड कमी होते व गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. पावसात हा धोका वाढतो.

झीज अत्यंत सावकाश होत असल्याने चालकाला तिची सवय होते. म्हणून केवळ बसणाऱ्या हादऱ्यांवरून निर्णय घेणे योग्य ठरत नाही. नळीवरून ओघळणारे तेल, टायरवर ठिकठिकाणी पडलेले खळगे, फाटलेले रबरी बुश आणि वळणावर गाडीचा मागील भाग डोलणे ही झिजेची लक्षणे होत. नळीवर तेलाचा केवळ पुसट ओलावा असणे हा मात्र दोष नव्हे.

बदल

एका बाजूचाच शॉक अॅब्जॉर्बर खराब झाला असला तरी दोन्ही बदलणे इष्ट असते. अन्यथा डाव्या व उजव्या चाकांचे वर्तन वेगळे राहते. काम सपाट जागी करावे, पुढील चाकांना ठोकळे लावावेत आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. अनेक गाड्यांत शॉक अॅब्जॉर्बरच अॅक्सलला अधिक खाली जाण्यापासून रोखतो. म्हणून बोल्ट काढण्यापूर्वी अॅक्सलला खालून आधार द्यावा.

नवा भाग बसवण्यापूर्वी तो उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून ताणावा, म्हणजे तेलात अडकलेली हवा निघून जाते. रबरी बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने आवळावेत. गाडी अधांतरी असताना ते आवळल्यास बुश पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतात. काही गाड्यांत स्प्रिंग शॉक अॅब्जॉर्बरभोवतीच बसवलेली असते. दाबलेली स्प्रिंग अचानक सुटल्यास गंभीर इजा होऊ शकते. असे काम योग्य साधने असलेल्या कार्यशाळेतच करून घ्यावे.

चाचणी

गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडणे ही रूढ चाचणी आहे. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. तथापि या चाचणीत हालचाल संथ असल्याने केवळ पूर्णतः निकामी झालेला भागच ओळखू येतो.

युरोपातील उत्पादकांच्या संघटनेने रूढ केलेल्या ‘युसामा’ पद्धतीत चाक कंप पावणाऱ्या पट्टीवर उभे करतात. पट्टी सेकंदाला सुमारे २५ वेळा वरखाली हलवली जाते व नंतर हळूहळू थांबू दिली जाते. या अवधीत टायरचा पट्टीवरील किमान भार स्थिर भाराच्या किती टक्के राहिला, हे मोजतात. साधारणतः ६० टक्क्यांहून अधिक आकडा उत्तम, ४० टक्क्यांहून कमी आकडा कमकुवत आणि २० टक्क्यांहून कमी आकडा धोकादायक मानला जातो.

टायरमधील हवेचा दाब चुकीचा असल्यास हे मोजमाप फसवे ठरते. लहान मोटारींचा मागील भाग हलका असल्याने तेथील आकडा मुळातच कमी येऊ शकतो. म्हणून दोन्ही बाजूंमधील तफावत पाहावी, तसेच भाग बदलण्यापूर्वीचे व नंतरचे आकडे नोंदवून ठेवावेत. पुढील तपासणीच्या वेळी झीज किती झाली, हे या नोंदीवरूनच कळू शकते.