वार, वॉर आणि गोंधळ

मराठी माणसाला 'वार' काही नवा नाही. आठवड्याचे सात वार आहेत, तलवारीचा एक वार आहे, लुगड्याचे नऊ वार आहेत, आणि पूर्वी गरिबाघरचा हुशार मुलगा पुण्यात शिकायला आला की लावून जेवायचा तेही वारच. घरात एवढे वार नांदत असताना इंग्रजांचा 'वॉर' आणखी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण पाहुणा आला आणि मुक्काम ठोकून राहिला. आज तो 'गँगवॉर'मध्ये भेटतो, निवडणूक आली की पक्षांच्या 'वॉर रूम'मध्ये बसतो, आणि दोन कंपन्यांनी साबणाच्या वडीमागे दोन-दोन रुपये उतरवले की 'प्राइस वॉर' म्हणून पेपरात झळकतो.

या पाहुण्याचं कूळ मोठं गमतीचं आहे. अर्ध्या जगावर तोफा डागणाऱ्या इंग्रजांच्या घरचा तो शब्दच नव्हे! जुन्या इंग्रजीत लढाईला 'हिल्ड' वगैरे घरचे शब्द होते. त्यातला 'हिल्ड' पुढे बायकांच्या नावात जाऊन बसला. म्हणजे हिल्डा नावाच्या प्रेमळ बाई कुठे भेटल्या, तर त्यांच्या नावाचा अर्थ 'लढाई' असा आहे हे ध्यानात ठेवावं. (विवाहित पुरुषांनी यावर हसू नये.) आपल्याकडे हे खातं मुलग्यांकडे दिलेलं आहे : समर, संग्राम, रणजित. इंग्लंडात अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास नॉर्मन लोकांच्या बोलीतून 'वेर्' हा शब्द आला, त्याचाच पुढे 'वॉर' झाला. नॉर्मनांकडे तो जर्मन कुळातल्या फ्रँक लोकांकडून आलेला. फ्रेंचांचा 'गेर्' आणि स्पेनचा 'गेरा' हे याचेच सख्खे भाऊ. लॅटिनमध्ये लढाईला 'बेलम' हा चांगला खानदानी शब्द होता. पण सुंदर या अर्थाचा 'बेलस' त्याच्याशी इतका जुळता, की लोकांनी लढाईचा तेवढा टाकला, असा एक तर्क आहे. तर्क खरा असेल तर त्या लोकांना शहाणेच म्हटलं पाहिजे.

स्पॅनिशमध्ये 'गेरा'ला लाडानं धाकटं केलं की 'गेरिया' होतं. छोटी लढाई. १८०८ साली नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये शिरल्या आणि तिथल्या साध्यासुध्या लोकांनी डोंगरदऱ्यांत गाठून त्यांना पळता भुई थोडी केली, तेव्हा हा शब्द युरोपभर झाला. तोच आपला 'गेरिला'. (काही मंडळी त्याला आफ्रिकेतल्या वानराशी जोडतात, पण तो 'गोरिला' बिचारा शाकाहारी आहे.) सह्याद्रीत हे काम त्याच्या दीडशे वर्षं आधीच चालू होतं. फक्त आपण त्याला छोटी लढाई म्हटलं नाही, 'गनिमी कावा' म्हटलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. या सगळ्या भावंडांच्या मूळ पुरुषाचा अर्थ लढाई नव्हेच. त्याचा अर्थ 'गोंधळ'! जर्मन भाषेत 'फेरविरेन' म्हणजे गोंधळात टाकणं, ते याच घराण्यातलं. आपल्याकडे लग्नानंतर गोंधळ घालतात, पण तिथे निदान संबळ तालात वाजतं. इथे तालही नाही. १७३१ साली रॉबर्ट जेंकिन्स नावाच्या इंग्रज कप्तानाचा कान स्पॅनिश पहारेकऱ्यांनी कापला आणि १७३९ साली इंग्लंडनं स्पेनशी लढाई पुकारली. आठ वर्षांत माणूस शेजाऱ्याकडे गेलेली छत्रीसुद्धा विसरतो! व्यापाराची भांडणं जुनीच होती. कान आपला निमित्ताला. तरी इतिहासात ती 'जेंकिन्सच्या कानाची लढाई' म्हणूनच राहिली. पुढे २७ ऑगस्ट १८९६ रोजी इंग्रजांनी झांझिबारच्या सुलतानाशी जी लढाई केली, ती चर्चगेटहून सुटलेली स्लो गाडी बोरिवलीला पोचायच्या आत आटोपली. हसू येतं. पण त्या पाऊण तासात सुलतानाकडची सुमारे पाचशे माणसं मेली किंवा जखमी झाली, हे कळलं की हसू घशात अडकतं.

या शब्दाचा पुढचा गोंधळ असा, की जिथे कुणी मरत नाही तिथे तो सर्रास वापरतात. 'वॉर फूटिंग'चं आपण 'युद्धपातळी' केलं आणि ती नळदुरुस्तीला लावली. रस्त्यात एक खड्डा, खड्ड्यात एक माणूस, काठावर चौघे आणि पाटीवर 'काम युद्धपातळीवर सुरू आहे'. ही पातळी खरी असती तर शत्रू केव्हाच घरात येऊन चहा पिऊन गेला असता. १९६४ साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध वॉर पुकारलं. गरिबी अजून शरण आलेली नाही. अमेरिका-रशियाचं 'कोल्ड वॉर' तर 'शीतयुद्ध' होऊन थेट आपल्या स्वयंपाकघरात शिरलं. तिथे एक ओटा, दोन बायका आणि भांड्यांचा आवाज एवढ्यावर ते वर्षानुवर्षं चालतं.

आणि जिथे माणसं खरोखर मरतात, तिथे मात्र हा शब्द गायब! १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य रणगाड्यांसकट निजामाच्या राज्यात शिरलं, १७ तारखेला निजाम शरण आला, मराठवाडा मोकळा झाला. त्याचं नाव काय, तर 'पोलीस ॲक्शन'. मराठवाड्यातली जुनी माणसं आपलं वयसुद्धा 'ॲक्शनच्या आधी' आणि 'ॲक्शननंतर' असं सांगत. १९५० साली अमेरिकेनं कोरियात फौज उतरवली, तीही 'पोलीस कारवाई'च. तीन वर्षं आणि लाखो मुडदे, एवढी कारवाई करणारे पोलीस जगात दुसरे नसतील. १९९९ साली कारगिलला आपले ५२७ जवान गेले. सरकारी भाषेत ती 'युद्धसदृश परिस्थिती' होती. आणि २०२२ साली रशियानं युक्रेनवर चाल केली तिचं नाव 'विशेष लष्करी कारवाई'. तिला 'युद्ध' म्हणण्याची तिथल्या वृत्तपत्रांना बंदी झाली, आणि सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग, असा कायदाही झाला.

शब्दासाठी पंधरा वर्षं! म्हणजे शब्दाची ताकद सरकारला पक्की ठाऊक असते. आपणच तो नळदुरुस्तीत आणि साबणाच्या वडीत उधळून टाकतो. मग खरी वेळ आली की त्याला धारच उरत नाही. हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी लष्करी गाडी गावात येते, तिरंग्यात गुंडाळलेली पेटी खाली उतरते, आणि ज्या आईनं पोराला ताप आला म्हणून तीन-तीन रात्री जागून काढल्या, ती ओट्यावर बसून राहते. पोरगा युद्धात गेला की युद्धसदृश परिस्थितीत, हे तिला कुणी सांगू नये. तिला विचारलं तर ती इंग्रजी न शिकताच त्या शब्दाचा मूळ अर्थ बरोबर सांगेल.